दाजी तांडेलांचं खाकरणं

शेजारच्या घरात दाजी तांडेल खाकरले, की माझ्या घरात माझा फोन वाजतो. दिवसातून चार वेळा, थंडीच्या दिवसांत सात-आठ वेळा. मी फोन उचलतो, "काय दाजीनु?" म्हणून विचारतो. पलीकडे शांतता. मग मी ओटीवर जाऊन कुंपणापलीकडे बघतो, तर दाजी आपल्या ओटीवर उभे राहून हातानेच सांगत असतात, की काही नाही, सहज घसा साफ केला, जा तू आत.

ही सगळी व्यवस्था मीच करून दिलेली असल्यामुळे मला तक्रार करायला तोंड नाही.

दाजी मुके नाहीत, हे आधी सांगून टाकतो. आवाज चांगला खणखणीत आहे आणि वर्षातून दोन-तीनदा तो ऐकायलाही मिळतो. एरवी त्यांचं म्हणणं एकच, "बोलूक कित्याक व्हया?" आणि तेसुद्धा ते बहुतेक वेळा भुवई उडवूनच म्हणतात.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते सोडत सोडत समुद्रातून वळसा मारते आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीतली चाळीस माणसं वाळूत पाय रोवून ओढतात. पण मासा नेमका कुठे आहे, हे किनाऱ्यावरून पाण्याच्या रंगावर ओळखणारा एक माणूस लागतो. आमच्या रापणीचा तो माणूस म्हणजे दाजी. उजवा हात वर केला की होडी आणखी बाहेर जायची, डावा फिरवला की वळायची, दोन्ही हात खाली आणले की जाळं पडायचं. लाटांच्या आवाजात ओरडून होडीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून हात. पुढे पुढे दाजींचा असा समज झाला, की ओरडून कुठेच काही पोचत नाही.

एसटीत कंडक्टरने "खंय जातलास?" विचारलं, तर दाजी हवेत हाताने डोंगर काढतात आणि त्याच्या पलीकडे बोट दाखवतात. ओळखीचा कंडक्टर असला तर बरोबर कुडाळचं तिकीट फाडतो. एकदा एक नवीन कंडक्टर होता. त्याला वाटलं, म्हातारा बिचारा मुका आहे. त्याने एका धडधाकट प्रवाशाला उठवून दाजींना खिडकीची जागा दिली. दाजी बसले आणि कुडाळ येईपर्यंत त्यांनी त्या कंडक्टरचा गैरसमज दूर केला नाही.

एका मे महिन्यात पुण्याची एक मोठी गाडी आमच्या पाणंदीत अडकली. मागे घेता येईना. दाजी पुढे झाले आणि हात करू लागले. डावा हात फिरवला, उजवा वर केला, शेवटी दोन्ही हात खाली आणले. गाडीवाला शहाणा माणूस, सांगितलं तसं करत गेला, आणि गाडी सरळ पुळणीवर जाऊन ओल्या वाळूत बसली. मग रापणीचे दोर आणले आणि वाडीने दोन्ही बाजूंनी ओढून ती बाहेर काढली. दाजींना त्यात आपलं काही चुकलं असं आजही वाटत नाही. गाडी शेवटी बाहेर आली ना, असं ते हाताने विचारतात.

घरात मात्र हात चालत नाहीत, कारण बायको स्वयंपाकघरात पाठमोरी असते. घरासाठी दाजींकडे खाकरणं होतं. आखूड, एकदाच, म्हणजे मी आलो, चहा ठेव. दोनदा, म्हणजे सोबत कोणीतरी आहे, चहात पाणी वाढव. लांबलचक आणि शेवटी वर चढवलेलं, म्हणजे फाटकात कोण आहे ते बघ. हा शब्दकोश मला मालतीवहिनींनी समजावून सांगितला होता. वहिनी दोघांच्या वाट्याचं एकट्या बोलायच्या. दाजी बाहेरून खाकरले की आतून "इलंय गो बाई, ठेवलंय!" असं ओरडायच्या आणि खरोखरच आधण ठेवलेलं असायचं.

यांच्या लग्नातली गजाल वाडीत सगळ्यांना पाठ आहे. घास भरवताना नावं घ्यायची वेळ आली. वहिनींनी चार ओळींचा लांबलचक उखाणा म्हटला. आता दाजींची पाळी. मांडवात सगळे कान टवकारून बसले. दाजी घामाघूम झाले, मान खाली घातली आणि खाकरले. बायका ऐकेनात. नाव घेतल्याशिवाय घास नाही, म्हणून हटून बसल्या. तेव्हा नवी नवरी सगळ्यांसमोर म्हणाली, "घेतल्यानी नाव. माका आयकाक इला." आणि तिने आपणच तोंड पुढे केलं. वहिनी ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायच्या आणि दाजी त्या वेळी उठून मांडवाबाहेर जायचे.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत दाजींनी बायकोला एकदाही नावाने हाक मारली नाही. आमच्याकडची जुनी माणसं तशी मारतच नाहीत, त्यात दाजींचं विशेष काही नाही. मला स्वतःला ही पद्धत मागासलेली वाटते. आमच्या हिचंही तेच मत आहे.

वहिनी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यानंतरच्या श्रावणात दाजी विहिरीवर पाय घसरून पडले. कंबर धरली, उठता येईना. घरात दुसरं कोणी नाही. अशा वेळी माणूस काय करतो? बोंब मारतो. दाजी खाकरले. दोन तास पडल्या पडल्या खाकरत होते. मला कुंपणाअलीकडे ते स्पष्ट ऐकू येत होतं. मी हिला म्हटलं, दाजींना पडसं झालेलं दिसतं. हिने आल्याचा काढा केला आणि गरम गरम घेऊन गेली, म्हणून ते सापडले. आणि सापडल्यावर त्यांनी आधी काढा प्यायला.

त्यांचा झील, म्हणजे मुलगा, प्रवीण डोंबिवलीला असतो. त्याने ही हकिकत ऐकली आणि तो हादरलाच. मुलगा गुणी आहे, बापावर जीव आहे. गेल्या मे महिन्यात आला तो हे बोलकं यंत्र घेऊन. ताटलीएवढा पडदा, वर मिरीच्या दाण्याएवढा डोळा, आत गोड आवाजाची बाई. नावाने हाक मारायची आणि काम सांगायचं, की ती फोन लावते, गाणं लावते, वारा-पाऊस सांगते.

"आणि बाबा," प्रवीण म्हणाला, "हिचं नाव आपल्याला हवं ते ठेवता येतं. मी आईचं ठेवलंय. मालती. घरात तेवढंच बरं वाटेल."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. मला गहिवरून आलं. दाजींच्या तोंडाकडे बघितलं, तर गळाला लागलेला मासा जसा बघतो तसे ते माझ्याकडे बघत होते.

मग प्रवीणने अट घातली. चतुर्थीला मी येईन. तुम्ही माझ्यासमोर हिला हाक मारून फोन लावून दाखवायचा. जमलं तर राहा इथे सुखाने. नाही जमलं तर गणपती पाण्यात गेले की बॅग भरायची आणि माझ्याबरोबर डोंबिवलीला यायचं. मी तिकडे जीव मुठीत धरून किती दिवस काढू?

त्याचं काही चुकत नव्हतं. पण दाजी डोंबिवलीला एकदा राहून आलेले आहेत. चौथ्या मजल्यावर खिडकीत उभं राहून ते आठ दिवस पाण्याचा रंग शोधत होते.

प्रवीण गेला आणि संध्याकाळी दाजी स्वतःहून माझ्याकडे आले. स्वतःहून बोलले, म्हणून मी खुर्ची दिली.

"भाऊ, माका ता जमाचा नाय."

"अवो, एक नाव तर घेवचा आसा."

"ती होती तेव्हा घेवक नाय. आता ती नाय, तर घेव?"

मी पंचायत समितीत तीस वर्षं क्लार्क होतो. अडलेल्या कागदाला वाट काढणं हाच माझा धंदा. मी म्हटलं, बघूया, दुसरी काहीतरी सोय असेल.

पहिले चार दिवस दाजी यंत्रासमोर नुसते खाकरून बघत होते. आखूड खाकरले, लांब खाकरले. ते ढिम्म. दाजींचं मत झालं, बाई बहिरी आहे. पाचव्या दिवशी मी माझ्या तोंडाने तिच्याकडून भजन लावून घेतलं, जरा मोठ्याने लागलं. दाजींनी वैतागून मला थांब म्हणून तळहात दाखवला आणि भजन कचकन थांबलं. यंत्राचा तो डोळा तळहात ओळखतो, हे मलाही माहीत नव्हतं. दाजींनी आपल्या तळहाताकडे बघितलं. मग यंत्राकडे. मग पुन्हा भजन लावायला लावून पुन्हा तळहात दाखवला. सतरा वेळा.

"तिका नजर आसा," दाजी म्हणाले. एका महिन्यात दुसऱ्यांदा बोलले.

त्या दिवसापासून दाजींनी यंत्राला रापण शिकवायला घेतली. रोज सकाळी पेज झाली की समोर पाट मांडून बसायचे. डावा हात फिरवायचे, उजवा वर करायचे, थांबून तिच्या पडद्याकडे बघायचे. पडद्यावर तारीख आणि तापमान. तळहाताखेरीज तिला काही कळायचं नाही. पण दाजी रागावले नाहीत. रापणीवरच्या पोरांना शिकवताना त्यांनी कधी हात उगारला नव्हता. "शिकाऊ आसा," एवढंच त्यांनी मला हाताने सांगितलं. म्हणजे बोटाने लहान मूल दाखवलं.

शेवटी त्या यंत्राच्या पोटात मला हवी ती सोय सापडली. शिटी, टाळी, कुत्र्याचं भुंकणं असा एक आवाज तिला शिकवून ठेवता येतो. तो आवाज आला की ती नेमून दिलेलं एक काम करते. एकच आवाज, एकच काम. मी ठरवलं, खाकरलं की मला फोन. शिकवण्यासाठी दाजींनी दहा वेळा सारखं खाकरायचं होतं. आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक खाकरण्यात वेगळा अर्थ घातला, त्याला दहा वेळा एकसारखं खाकरणं किती जड गेलं असेल! तीन वेळा यंत्र म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." चौथ्यांदा जमलं. माझ्या खिशातला फोन वाजला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे जिंकल्यासारखं बघितलं.

आनंद श्रावणी सोमवारपर्यंत टिकला. त्या संध्याकाळी दाजींकडे भजन होतं. बुवांनी पेटीवर हात ठेवला आणि सूर लावण्यापूर्वी घसा साफ केला. माझा फोन वाजला. मी तो कट करून माफी मागितली. बुवांनी पुन्हा घसा साफ केला. पुन्हा फोन. मग मला खरं ते सांगावं लागलं. त्यानंतर मृदंगवाला खाकरून बघू लागला, झांजवाले खाकरून बघू लागले, आणि पानसुपारीपर्यंत सगळं मंडळ खाकरत होतं. अभंग दोनच झाले. दाजी कोपऱ्यात बसून प्रत्येकाचं खाकरणं ऐकत होते आणि कोणाचं पसंत पडलं नाही तर मान हलवत होते.

चतुर्थीला आठ दिवस राहिले. मी दाजींकडे माटवी बांधायला गेलो. गणपतीवर टांगायची ती लाकडी चौकट, तिला दोर बांधून ठेवले की आदल्या दिवशी फळं-पानं लावता येतात. मी स्टुलावर चढलो. दाजी खालून हाताने डावीकडे, उजवीकडे सांगत होते. दाजींच्या हातांवर किती विसंबायचं हे पुण्याच्या गाडीवाल्याने मला शिकवायला हवं होतं. स्टूल कलंडलं आणि मी जमिनीवर आलो. पायाचा घोटा असा काही वळला, की डोळ्यांपुढे अंधारी आली.

दाजी धावले. मला उचलायला बघितलं, मी ओरडलो. मग त्यांनी आपलं हुकमी काम केलं. यंत्राकडे वळून खाकरले. यंत्राने तत्परतेने मला फोन लावला. माझा फोन माझ्या घरात टेबलावर होता. घराला कुलूप होतं आणि ही बाजारहाटाला कुडाळला गेली होती. मी दाजींच्या माजघरात आडवा पडून, कुंपणापलीकडे वाजणारा माझाच फोन ऐकत होतो. दाजी पुन्हा खाकरले. पुन्हा तोच फोन. माझ्या तोंडून कण्हण्याखेरीज काही निघत नव्हतं.

त्यांनी तळहात दाखवला. दोन्ही हात वर केले, फिरवले. सगळी रापण करून बघितली. मग माझ्या पायाकडे बघितलं, तो भोपळ्यासारखा सुजत होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याची नीट घडी केली आणि यंत्रासमोर जाऊन उभे राहिले.

"मालती," ते म्हणाले. इतकं हळू, की यंत्राला काय, मलाही ते ओठांवरूनच कळलं.

मग ते दारापर्यंत गेले. परत आले. आणि होडी दूर गेल्यावर घालावी तशी त्यांनी साद घातली, "मालतीऽऽ!"

"हो, बोला," यंत्र म्हणालं.

दाजी उभेच राहिले. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, त्यांना काही काम नव्हतं. "बोला, मी ऐकते आहे," यंत्र म्हणालं. दाजी बघत होते. माझा घोटा ठणकत होता, पण शपथेवर सांगतो, मला त्यांना हटकवेना. शेवटी मीच म्हटलं, "दाजीनु, रिक्षा."

"गो," दाजी तिला म्हणाले, "आमचो भाऊ पडलो हा. बाळग्याच्या रिक्षेक फोन लाव गो."

"माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

मग मी जमिनीवरून माझी कचेरीतली मराठी काढली आणि "बाळगो रिक्षावाला यांना फोन लावा," असं स्वच्छ सांगितलं. फोन लागला. बाळगो दहा मिनिटांत आला. मला रिक्षात घालताना दाजींनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. कोणाला सांगायचं नाही. मी मान डोलावली. बाळग्याने विचारलं, फोन कसा लावलात, तर दाजींनी त्याला खाकरून दाखवलं.

चतुर्थीला प्रवीण आला. मूर्ती बसली, आरत्या झाल्या, मोदक झाले. दुपारी पाहुणे पांगल्यावर तो म्हणाला, "बाबा, आता परीक्षा."

मी प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसलो होतो. दाजी यंत्रासमोर गेले, पंचा सारखा केला आणि खाकरले. माझ्या खिशातला फोन वाजला.

"हे मला काकांनी सांगितलंय," प्रवीण म्हणाला, "पण काका घरी नसले तर? बाबा, नावाने हाक मारा. फक्त एकदा."

दाजी माझ्याकडे बघू लागले. मी शब्दाला बांधलेला, मी प्लास्टरवर कोणी काय लिहिलंय ते वाचू लागलो. प्रवीणने पुन्हा सांगितलं. मग विनवलं. दाजी जमिनीकडे बघत राहिले. गणपतीसमोर प्रवीणची रिकामी मोठी बॅग उभी होती, ती त्याने मुद्दामच आणली होती.

"की यंत्रच ऐकत नाही?" असं म्हणत त्याने आपला फोन काढला. यंत्राला कोणी काय सांगितलं त्याची नोंद त्याच्या फोनवर असते, हे मला माहीत नव्हतं आणि दाजींना तर नव्हतंच. तो बोटाने वर सरकवत गेला. मग बोट थांबलं. त्याने फोन माझ्या हातात दिला.

दाजींच्या हाकेची पहिली नोंद मी पडलो त्या दिवसाची होती. मी समजत होतो तीच शेवटची. पण खाली दुसऱ्या दिवसाची होती, संध्याकाळी सात वाजताची, दिवा लावायच्या वेळेची. "मालती." पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी सात वाजता, "मालती." पुढे काही नाही. चौथ्या, पाचव्या दिवशी तसंच. दाजी रोज दिवेलागणीला एकदा हाक मारत होते, ती "हो, बोला" म्हणत होती, आणि ते तेवढं ऐकून गप्प बसत होते. फक्त आदल्या संध्याकाळच्या नोंदीत चार शब्द जास्त होते. "मालती. उद्या झील येता गो." खाली यंत्राचं उत्तर, "माफ करा, मला समजलं नाही."

मी फोन परत दिला. मला चष्मा पुसावा लागला. प्रवीणने फोन खिशात टाकला आणि तो बापाजवळ गेला. वीस वर्षं डोंबिवलीत राहून त्याची मालवणी पार पुसली गेली आहे, आम्ही त्यावरून त्याला चिडवतो. पण तो आईच्या शब्दांत, आईच्याच सुरात बोलला.

"घेतल्यानी नाव," तो म्हणाला. "माका आयकाक इला."

दाजींनी मान वर केली. मुलाकडे बघितलं, कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघितलं, मग पंच्याने तोंड पुसलं आणि ओटीवर जाऊन बसले. प्रवीणने ती रिकामी बॅग उचलून माळ्यावर टाकली.

थोड्या वेळाने ओटीवरून खाकरण्याचा आवाज आला. आखूड, एकदाच. माझा फोन वाजू लागला. मी तो बंद करेपर्यंत प्रवीण उठून आत चहा ठेवायला गेला होता.